पासोडी, वाकळ आणि नंबरातली रात्र

रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि आमच्या पुढे अजून चाळीसेक गाड्या होत्या. साखर कारखान्याच्या यार्डात उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग पार काट्यापर्यंत लागलेली. बैल सोडून गाडीलाच बांधलेले, त्यांच्या पाठीवर पोती टाकलेली. मळीचा गुळमट, आंबूस वास थंडीत जड होऊन जमिनीलगत बसला होता. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. एवढं पाचट भोवताली, पण जाळ करायची सोय नाही. भरल्या गाड्यांजवळ काडी ओढली तर आख्खी रांग पेटायची. शिवाय पाचटाचा जाळ असतोही लबाड: भप्पकन उठतो, तोंड भाजतं, आणि हात पुढे करेपर्यंत राख.

"झोपू नको रं," मामेभाऊ म्हणाला. "झोपलास की गारठलास."

दुसरं कारण त्यानं सांगितलं नाही, ते मला पहाटेपर्यंत कळलं. नंबर कधी सरकेल याचा नेम नसतो. पुढची गाडी हलली आणि तुमची जागची हलली नाही, तर मागचा बाजूनं काढून पुढे घुसतो. मग भांडण. रात्रभर डोळा उघडा ठेवायचा तर काहीतरी लागतं. आमच्या पुढच्या तिसऱ्या गाडीवर एक म्हातारा गोष्ट सांगत होता. आवडत्या-नावडत्या राणीचीच, पण त्याच्या गोष्टीतला राजा कारखान्याचा चेअरमन असल्यासारखा बोलायचा आणि प्रधान हुबेहूब मुकादमासारखा. सात-आठ जण डोक्यावरून घोंगडी घेऊन चाकाशी बसले होते. गोष्ट रंगली की कोणीतरी म्हणायचं, "मंग?" त्या 'मंग'मध्ये झोप उडवायची जी ताकद होती ती कारखान्याच्या भोंग्यात नव्हती.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. वडील मास्तर झाले म्हणून आमच्या घरातला ऊसतोडीचा कोयता सुटला. मामाच्या घरातला सुटला नाही. म्हणून मी हिवाळा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे: अंबाजोगाईत कानटोपी घालून गाण्याच्या मैफलीला बसून, आणि चार-सहा रात्री मामेभावाच्या चटयांच्या कोपीत राहून. चार-सहा रात्रींवर लेख लिहिणारा माणूस तसा पाहुणाच, हे आधीच कबूल करतो.

बीडचा हिवाळा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. बर्फ नाही, धुकंही बेताचंच. पारा फार तर दहाच्या खाली उतरतो, तोही काही दिवस. गावात राहणाऱ्याला तर ही थंडी हवीशी असते; थंडी पडली नाही तर ज्वारी भरत नाही, हुरड्याला चव येत नाही. पण जिल्ह्यातल्या काही लाख माणसांचा हिवाळा दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळा लागल्यावर संपतो, कारण तो तापमानावर नाही, हंगामावर मोजायचा असतो. 2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या होती सुमारे 25 लाख 85 हजार. त्यातला मोठा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, परळी. बालाघाटाच्या खडकावरची या तालुक्यांमधली गावं दिवाळीनंतर नुसती म्हाताऱ्यांची होतात. कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे गाळप बंद झालं की, मार्च-एप्रिलात माणसं परततात.

आता एक अडचणीची गोष्ट. आपला दिवाळी अंक नेमका ही माणसं निघतात त्याच सुमारास येतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत वाचतो. मामेभावाच्या घरी मात्र कित्येक दिवाळ्या अशा झाल्या की पणत्या कोपीपुढे लागल्या आणि घरापुढे अंधार. हा लेख ज्या दिवशी तुमच्या हातात पडेल त्या दिवशी ज्यांच्याविषयी तो आहे ते बहुधा ट्रकच्या हौद्यात असतील: बैल, भांडी, चटया, शेळी, पोरं आणि वाकळा.

वाकळांविषयी जरा थांबून सांगायला हवं.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे. खाली-वर धडकं कापड, मध्ये चिंध्या, आणि जाड सुईनं शेजारी-शेजारी घातलेले धावते टाके. टाके कडेनं सुरू होतात आणि फिरत-फिरत मध्यापर्यंत येतात. मामीच्या कोपीत तीन वाकळा होत्या. त्यातल्या एकीच्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचा चौकोन होता, त्याला पिवळी किनार. "ही माय," मामी म्हणाली. मला आधी कळेना. मग कळलं: मामीच्या आईच्या लुगड्याचा तुकडा. त्याच्याशेजारी शाळेच्या गणवेशाची खाकी, म्हणजे मोठा पोरगा. एक तुकडा लाल मखमलीचा, बैलाच्या जुन्या झुलीतला. कोपी म्हणजे बांबूच्या चटया वाकवून केलेला, माणसाला मध्यभागीच तेवढं सरळ उभं राहता येईल असा आडोसा. त्यात विजेचा दिवा नाही, भिंत नाही, भिंत नाही म्हणून चित्र नाही, फळी नाही म्हणून पुस्तक नाही. मामीकडे कथा आहे ती त्या वाकळेत, आणि रात्री ती अंगावर घेता येते.

तरी थंडी लागतेच. ऊस बागायतीत असतो. सगळीकडे पाटाचं पाणी, ओली माती, आणि पहाटे पानापानातून दव ठिबकतं. मामी तीनला उठते. पाणी, चूल, भाकरी, पोरांचं, मग फड. उसाच्या पहिल्या सरीत शिरलं की पाच मिनिटांत बाह्या भिजतात, आणि भिजल्या बाहीवर वारा आला की कोयता धरलेली बोटं आपली राहत नाहीत. पानाच्या कडेला बारीक करवत असते. गारठलेल्या कातडीला कापलेलं कळत नाही, ऊन पडल्यावर चरचरायला लागतं. इथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावरच असते. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती मिळवायलाही संप करावा लागला.

फडात गाणं असतं का? असतं, पण जसं आपल्याला वाटतं तसं नाही. ऊस तोडताना कोणी गात नाही. दम पुरत नाही. गाणं येतं ते मोळी बांधायच्या वेळी, वाढं गोळा करताना, नाहीतर भल्या पहाटे, चूल पेटायच्या आधी, अंधारात. मामी ओवी म्हणते ती गुणगुणल्यासारखी, शब्द अर्धे गिळून. भाऊ, माहेर, पंढरी. आणि मध्येच मुकादमाला दोन शब्द. ती ओवी जुनी नव्हती, त्या आठवड्यातलीच होती. मी विचारलं, "मामी, ही कुठली?" तर म्हणाली, "कुठली म्हंजी? आत्ताची."

ओवी मूळ जात्यावरची. जातं पहाटे फिरायचं, आणि हिवाळ्यातल्या पहाटा लांब असतात. जातं गेलं, गिरणी आली, आता कोपीत पिठाची पिशवी येते. ओव्या मात्र हात शोधत राहिल्या. जात्याचा खुंटा नसला तर मोळीचा आळा सही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता तो सगळा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'कडे आहे. 1996 साली राईरकर-पॉइटवां यांच्या लोकांनी आमच्या माजलगावच्या भीमनगरात बायांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्यातल्या ओव्या विठ्ठलाच्या नाहीत, बाबासाहेबांच्या आहेत. ज्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या देवाचं नाव घेतलं गेलं त्याच दगडावर या बायांनी शाळा, पुस्तक आणि भीमराव आणला. मला ते ऐकताना नेहमी वाटतं, माजलगावच्या बायांनी आमच्या मराठी कवितेत किती मोठी उलथापालथ केली, आणि ती कोणी समीक्षेत नोंदलीही नाही.

पण गाणं आहे म्हणून सगळं गोड, असं चित्र काढलं तर तो खोटेपणा होईल. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ओवी त्या गारठ्यावरचं औषध नाही. मामीला मी एकदा, शहरी माणूस विचारतो तसं, विचारलं की गाण्यानं बरं वाटतं का. ती म्हणाली, "बरं कशाचं वाटतंय? जागं ऱ्हातंय मानूस."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस डोक्यात घेऊन फिरलो. आपण, म्हणजे पुस्तकवाले, हिवाळ्यात साहित्याकडे ऊब म्हणून बघतो. रग, चहा, कादंबरी. मामीची गरज ऊब नव्हती. ऊब आली की झोप येते आणि झोप आली की नंबर जातो.

आइसलँडमध्ये, जिथे हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, तिथल्या शेतकऱ्यांची एक जुनी रीत होती. मातीगवताच्या घरात संध्याकाळी सगळे एका खोलीत बसत; हात लोकर पिंजण्यात, विणण्यात गुंतलेले, आणि एक जण जुन्या वीरकथा मोठ्यानं वाची किंवा चालीवर म्हणे. त्या बैठकीला 'क्वोल्डवाका' म्हणत. त्यातल्या 'वाका'चा अर्थ जागं राहणं. म्हणजे आपला जागर. तिथेही कथा झोपवायला नव्हती, हात चालू ठेवायला होती. जगाच्या त्या टोकाला आणि आमच्या यार्डात एकच अक्कल सुचली, याचं मला फार नवल वाटलं नाही. थंडी आणि काम एकत्र आलं की माणसाला दुसरं काय सुचणार?

आता अंबाजोगाई. तिथे मी राहतो, आणि तिथला हिवाळा वेगळाच. ज्यांना मराठीचे आद्यकवी मानतात त्या मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगराच्या कुशीत आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके 1110 मधला, म्हणजे 1188 चा, असं परंपरा सांगते. विदर्भातल्या आंभोऱ्याचे लोक मुकुंदराज आपले म्हणतात आणि अभ्यासकांचे वादही आहेत. आम्ही अंबाजोगाईकर त्या वादात पडत नाही, आम्हाला निकाल ठाऊक असतो. 25 नोव्हेंबर 1984 ला यशवंतराव चव्हाण गेले. त्यांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी 25 ते 27 नोव्हेंबरला समारोह भरतो. कविसंमेलन, शेतकऱ्यांचा मेळावा, चित्रं, रात्री शास्त्रीय गाणं. गारव्यात मफलर घट्ट करत बसलेला श्रोता आणि वर मंचावर हळूहळू उलगडणारा राग. पुढे मार्गशीर्षात योगेश्वरी देवीचा उत्सव येतो आणि पुन्हा कीर्तन, पुन्हा गाणं. गावातली आम्ही मंडळी असा हिवाळा काढतो. मात्र ज्या रस्त्यानं श्रोते मांडवात येतात त्याच रस्त्यानं उशिरा निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर जातात. एका वर्षी गायकाचा आलाप चालू असताना बाहेरून ट्रॉलीवरच्या कर्ण्यातून प्रल्हाद शिंदे ऐकू आले. मांडवातल्या काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. मला तरी त्या दोन सुरांत भांडण ऐकू आलं नाही.

पण अंबाजोगाईत हिवाळ्याची खरी वस्तू आहे ती दासोपंतांची पासोडी.

पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचं पांघरूण. गरिबाची शाल म्हणा. सोळाव्या शतकातल्या या दत्तभक्त कवीनं अशा कापडावर आख्खा ग्रंथ लिहिला. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद. विषय पंचीकरण: पृथ्वी, पाणी, तेज, वारा, आकाश, यांच्यातून देह आणि विश्व कसं घडलं. नुसत्या ओव्या नाहीत, समजावायला आकृत्याही. दासोपंतांचं लिखाण म्हणजे वेड लागावं इतकं: गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात, पदं वेगळी, त्यातली काही कानडी आणि तेलुगूतली. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपायची, असं गावात अजून सांगतात. एवढा कागद भरणाऱ्या माणसाकडे कागद नव्हता म्हणून त्यानं कापड घेतलं असेल, हे मला पटत नाही. 40 फुटांचं कापड कोणी पांघरतही नाही. मला वाटतं, ते भिंतीशी पसरून चार माणसांनी एकत्र उभं राहून वाचायचं असावं. पुस्तक एकट्याचं असतं. पासोडीसमोर चौघं मावतात.

शाळेत असताना आम्हाला ती दाखवायला नेलं होतं. मला अक्षर लागलं नाही. कापडाचा रंग जुन्या धोतरासारखा दिसला, आणि मागून एक पोरगं म्हणालं, "आमच्या आज्याची अशीच हाय, पन कोरी." सगळे हसले, सरांनी त्याचा कान धरला. आज वाटतं, त्या दिवशी पासोडी त्या पोरालाच कळली होती.

दासोपंतांच्या चरित्रात एक गोष्ट येते. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, सारा भरता आला नाही, म्हणून बीदरच्या दरबारानं पोराला ओलीस ठेवून घेतलं. मुदतीत रक्कम आली नाही तर पोराला बाटवायचं. पोराला खर्चाला जे रोजचं नाणं मिळे ते तो गरिबांना वाटून टाकी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक पाडेवार, म्हणजे गावचा चाकर, येऊन सगळी रक्कम भरून गेला. नाव विचारलं तर दत्ताजी. दुष्काळ, थकबाकी, आणि देण्यापोटी अडकून पडलेलं पोर. ही गोष्ट मी मामेभावाला कोपीत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता, पण पाडेवार पैसे भरून निघून गेला म्हटल्यावर म्हणाला, "असा मानूस आमच्या मुकादमाला एकदा भेटाया पायजे."

त्याचं पोर त्या वर्षी सोबत नव्हतं. पणजीजवळ गावात होतं, शाळेसाठी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली. त्याआधी साखरशाळा होत्या, हंगामी वसतिगृहं होती, काही चालली, काही नुसती पाटीपुरती. भगवानबाबा पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे. 18 जानेवारी 1965 ला गेले. त्यांनी सप्ताह बसवले, लोकांना शिकायला सांगितलं. त्यांचा पुण्यतिथीचा दिवस भर हंगामात येतो, भगवानगडावर जाता येत नाही, म्हणून टोळीतली माणसं कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाळ घेऊन बसतात. दोन टाळ, आणि पखवाज नसला तर पाण्याचा रिकामा डबा. मी होतो त्या वर्षी डब्यावर ठेका धरणारा गडी एवढा हुकमी होता की त्या रात्री पखवाजाची आठवण कोणी काढली नाही.

आणि गावात राहिलेल्या म्हाताऱ्या? त्यांचा हिवाळा सगळ्यात लांब. नातवाला सांभाळायचं, शेरडं बांधायची, आणि संध्याकाळी मंदिरात पोथीला जायचं. आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते: शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबील, सगळ्यांना जेवण. एका येळवशीला मी मामाच्या गावी होतो. शेतात आजी, म्हणजे मामाची आई, मी आणि मामेभावाचं पोर. एरवी पंचवीस माणसांची पंगत. आजीनं आंबील केली ती मात्र पंचवीस माणसांचीच. "एवढी कशाला?" म्हटलं, तर तिनं नुसतं पातेलं झाकलं. रात्री पोरानं फोनवर बापाला व्हिडिओ लावला. पलीकडे अंधार, बैलाच्या गळ्यातली घंटी आणि मामेभावाचा आवाज: "आज्जीला म्हन, म्हन येक." आजीनं फोन उलटा धरून, कानाला लावून, एक ओवी म्हटली. पलीकडून कितीतरी वेळ काहीच आलं नाही. नेटवर्क गेलं होतं की काय कोण जाणे.

यार्डातल्या त्या रात्री चारच्या सुमाराला रांग हलली. म्हाताऱ्याच्या गोष्टीत नावडत्या राणीचं पोर नुकतंच सात डोंगर ओलांडून विहिरीत उतरलं होतं. पाण्यात हात घातला तर खाली काहीतरी लागलं. तेवढ्यात पुढून हाळी आली. सगळे एका दमात उठले. घोंगड्या फेकल्या, पोती उचलली, बैल जुवाला लावले, चाकाखालचे दगड ओढले. म्हाताऱ्यानं कासरा हातात घेतला.

"आन् इहिरीत काय घावलं, बाबा?" मागून मामेभाऊ ओरडला.

"उंद्याच्या खेपंला," म्हातारा म्हणाला, आणि गाडी गव्हाणीकडे वळवली.